वाळूचा भाव आणि विहिरीचा हिशेब

मराठीत ‘वाळवंट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक वाळवंट राजस्थानातले, जिथे मैलोन्‌मैल पाणी नाही. दुसरे वाळवंट पंढरपूरचे, चंद्रभागेच्या काठचे, जिथे वारकरी कीर्तनाला उभे राहतात. मी घरात दखनी बोलत वाढलो आणि कविता मराठीत लिहू लागलो, म्हणून मला या शब्दाचे पहिल्यापासून नवल वाटत आले. उर्दू शायरीत रेत आली की तिच्या पाठोपाठ तहान येते, सराब म्हणजे मृगजळ येते. आमच्या गावाकडे याच्या नेमके उलटे आहे. नदीत वाळू आहे, याचा अर्थ तिच्याखाली पाणी आहे.

आमचा भाग म्हणजे जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे निघाले की वाटेत केदारखेडा लागते आणि तिथे पूर्णा नदी ओलांडावी लागते. विदर्भातून तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. आमची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते. बुलडाणा जिल्ह्यात तिला खडकपूर्णा म्हणतात. पुढे येलदरीचे धरण भरून ती परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. वर्षातले सात-आठ महिने ती कोरडी दिसते. माझी अम्मी मात्र म्हणायची, “नदी सूखी नै बेटा, उसके पेट में पानी है.” या एका वाक्यात जे भूगर्भशास्त्र आणि जे अर्थशास्त्र आहे, त्याविषयी आज बोलायचे आहे.

आधी भूगर्भशास्त्र. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी धरून ठेवायला जागा फार थोडी असते. जे काही पाणी साठते ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. नदीच्या वाळूचे तसे नाही. वाळूच्या कणाकणांमध्ये पोकळी असते. पावसाळ्यात ती पाण्याने भरते, आणि भरलेल्या वाळूतून तिच्या आकारमानाच्या साधारण पाचव्या भागाइतके पाणी आपल्याला काढून घेता येते. म्हणून जुन्या काळी उन्हाळ्यात बायका पात्रात हाताने झिरा खोदायच्या, पाणी निवळेपर्यंत थांबायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. १९७२च्या दुष्काळात कित्येक गावे अशा झिऱ्यांवर तगली. काठावरच्या विहिरींनाही याच वाळूचा आधार असतो. पात्रातली वाळू भिजलेली असली की विहिरीतले पाणी टिकते. पात्र खरवडून खोल केले की विहिरीचे पाणी उलट नदीकडे ओढले जाते आणि खड्ड्यात येऊन उन्हाने उडून जाते.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल नको, तोंडी जमेल इतका सोपा आहे. वाळू ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे साधारण २,८३० लिटरचे माप. त्याचा पाचवा भाग धरला तर एका ब्रासमध्ये साडेपाचशे लिटरच्या आसपास पाणी मावते. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे प्रमाण आहे. म्हणजे ट्रॅक्टरची एक ब्रासची ट्रॉली नदीतून बाहेर पडते तेव्हा दहा माणसांचे एका दिवसाचे पाणी साठवण्याची जागा तिच्यासोबत जाते.

हाच हिशेब मोठा करून पाहा. एक हेक्टर पात्रातला एक मीटर जाडीचा वाळूचा थर म्हणजे दहा हजार घनमीटर, साधारण साडेतीन हजार ब्रास. २०२३च्या धोरणात राज्य शासनाने ग्राहकासाठी ब्रासला ६०० रुपये दर ठरवला होता. त्या दराने या वाळूचे २१ लाख रुपये झाले. आणि त्या थरात मावणारे पाणी? वीस लाख लिटर. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. तीनशे माणसांचे चार महिन्यांचे पाणी. ते सगळेच हाती लागत नाही, काही वाहून जाते, काही उडून जाते, हे मान्य. पण २१ लाख रुपये एकदाच येतात आणि हा साठा मात्र चांगल्या पावसाच्या प्रत्येक वर्षी पुन्हा भरतो, हा फरक विसरून चालणार नाही. पुराबरोबर नवी वाळूही येते. ती जितकी येते तितकीच काढली तर नदीचे काही बिघडत नाही. त्याहून जास्त काढली की आपण व्याज सोडून मुद्दल खायला लागतो.

मग ही वाळू इतकी महाग आणि इतकी हवीशी कधी झाली? माझे अब्बा गवंडी होते. त्यांच्या तरुणपणी गावातली घरे दगड-मातीची, पांढऱ्या मातीच्या धाब्याची. वाडा बांधायचा असेल तर चुना घाणीत मळला जायचा. वाळू लागायची, पण किती? गाढवांच्या पाठीवर बसेल इतकी. सिमेंटवर सरकारचे नियंत्रण होते, परमिटावर मिळायचे. १९८२ मध्ये ते नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. सिमेंट दुकानात मिळू लागले, त्याबरोबर वाळूची मागणी वाढली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातली फार मोठी संख्या दगड-मातीच्या जाड भिंतींखाली दबलेल्यांची होती. त्या दिवसापासून मराठवाड्यातल्या माणसाचा मातीच्या घरावरचा विश्वास उडाला. अब्बांकडे येणारा प्रत्येक जण विचारायचा, “मिस्त्री, स्लॅबचं घर कितीत होईल?” नंतर घरकुल योजना आल्या, गावोगावी सिमेंटचे रस्ते झाले, शहरे वाढली. वाळूची ही मागणी चैनीची नव्हती. डोक्यावर पडणार नाही असे छप्पर माणसाला हवे होते, आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

ही वाळू मालकीची कुणाची, हा पुढचा प्रश्न. निजामाच्या राज्यात १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७च्या सुमाराचा जमीन महसूल कायदा होता. त्यात नदीचे पात्र सरकारचे. मराठवाडा १९४८ मध्ये मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण पात्राची मालकी सरकारकडेच राहिली. १९५७च्या केंद्रीय खनिज कायद्याने साध्या वाळूला ‘गौण खनिज’ म्हटले आणि तिचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने खनिजांवरचा राज्याचा हक्क पक्का केला. ‘गौण’ हा शब्द ऐकून मला नेहमी वाटते की, कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बांधकाम होते, झिरा नव्हता.

याचा परिणाम असा झाला की वाळू महसूल खात्याकडे गेली. महसूल खात्याला दरवर्षी वसुलीचे उद्दिष्ट असते. पाणी मात्र दुसऱ्या खात्याकडे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकापासून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजत आली आहे. लिलावाआधी घाटाच्या पाहणीत या यंत्रणेचे मतही घेतले जाते. पण विहिरीची पातळी हातभर खाली गेली तर गावाचे किती रुपयांचे नुकसान झाले, हे कुणी वाळूच्या किमतीत मिळवत नाही. एक खाते रोजगार हमीतून विहीर खोदायला पैसे देते, दुसरे खाते त्याच विहिरीच्या पोटातले पाणी ब्रासवर विकते, आणि उन्हाळ्यात तिसरे खाते टँकरचे बिल भरते. तिन्ही खात्यांचे कागद चोख असू शकतात. तिन्ही वह्या एकत्र करून बेरीज मारली, तरच तोटा दिसतो.

असा एकत्र हिशेब मांडता येत नाही, असे म्हणण्याची महाराष्ट्राला तरी सोय नाही. कारण तो मांडायला देशाला शिकवले महाराष्ट्रानेच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करून १९४८ मध्ये अहवाल छापला. तोपर्यंत सरकार कालव्याचा फायदा पाणीपट्टी किती जमली यावर मोजत असे. गाडगीळांनी विचारले की कालव्यामुळे शेतकऱ्याचे उत्पन्न किती वाढले, मजुराला काम किती मिळाले, बाजारात उलाढाल किती झाली, ते का मोजायचे नाही? प्रत्यक्ष फायद्याइतकाच अप्रत्यक्ष फायदा खरा असतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. मग अप्रत्यक्ष तोटाही तितकाच खरा असला पाहिजे. कालव्याला लावलेले हे माप आपण नदीला मात्र अजून लावलेले नाही.

अलीकडे जगातले अर्थशास्त्रज्ञही हेच सांगत आहेत. सर पार्थ दासगुप्ता यांनी ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्यासाठी लिहिलेला जैवविविधतेचा अहवाल २०२१ मध्ये आला. निसर्ग ही मालमत्ता आहे. ती झिजली तर ती झीज हिशेबात खर्च म्हणून दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. गरीब देशांना हे जास्त लागू आहे. श्रीमंत माणसाची विहीर आटली तर तो पाइपलाइन आणतो. गरिबाची आटली की त्याच्या मुलीची शाळा सुटते, कारण पाणी आणायला कुणीतरी लागते.

वाळूचा प्रश्न नुसता पूर्णेचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ४० ते ५० अब्ज टन वाळू आणि खडी वापरली जाते. सिंगापूरने समुद्रात भराव घालून जमीन वाढवली, त्यासाठी शेजारच्या देशांची वाळू गेली. इंडोनेशियाने २००३ मध्ये समुद्री वाळूच्या निर्यातीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये ती सैल केली. बंदी घालायची, पैशाची निकड आली की उठवायची, हे चक्र विकसनशील देशांत सगळीकडे दिसते.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. न्यायालयांनी आपले काम केले आहे. बियास नदीच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकार नद्यांचे मालक नसून जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्ताला उत्पन्न घेता येते, मुद्दल मोडता येत नाही, हे आपल्याकडे कुठल्याही मशिदीच्या किंवा देवळाच्या कमिटीला माहीत असते. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी याच न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. तोवर मोठ्या घाटाचे लहान तुकडे पाडून परवानगी टाळता येत होती. ऑगस्ट २०१३ मध्ये हरित न्यायाधिकरणाने परवानगीशिवाय चालणारा उपसा देशभर थांबवण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात त्याआधीच लढा सुरू झाला होता. सुमैरा अब्दुलअली यांनी २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर वाळू उपसणाऱ्यांना हटकले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्या डगमगल्या नाहीत, न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात वाळूउपशावर बंदी घातली. त्यानंतर ग्रामसभेच्या शिफारशीची अट असलेले धोरण आले.

पुढे धोरणे येतच राहिली. २०१३, २०१८, २०१९ मध्ये नियम बदलले. २०२३ मध्ये लिलाव बंद करून सरकारी डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू देण्याचे ठरले. एप्रिल २०२५ मध्ये डेपो बंद करून पुन्हा ई-लिलाव आणण्याचा निर्णय झाला. घरकुलांसाठी काही वाळू राखून ठेवण्याचे आणि दगड भरडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचेही ठरले. कृत्रिम वाळू ही चांगली गोष्ट आहे, नदीवरचा भार तिने हलका होईल. पण या सगळ्या धोरणांत वाद एकाच गोष्टीचा राहिला. वाळू कुणी विकायची आणि कितीला विकायची? किती वाळू नदीतच राहू द्यायची आणि ती राहिली तर गावाच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न मागे पडला.

नुसत्या बंदीने का भागत नाही, हे मी माझ्याच नात्यात पाहतो. दोन सख्खे भाऊ. थोरल्याची काठावर दोन एकर जमीन आणि विहीर. धाकट्याने कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. शेतीच्या कामावर त्याचा हप्ता फिटत नाही, म्हणून ट्रॉली रात्री नदीत उतरते. थोरल्याची विहीर पूर्वी एप्रिल काढायची, आता फेब्रुवारीत तळ दाखवते. दोघे एकाच ताटात जेवलेले. मी दोघांशी बोललो आहे. धाकटा मला म्हणाला, “भाईजान, तुम्ही म्हणता ते पटतं. पण पाच तारखेला बँकेचा माणूस येतो, नदीचा माणूस येत नाही.” याला उत्तर देणे कवीला सोपे नाही. वाळू वाचली तर फायदा थोरल्याचा आणि सगळ्या गावाचा. तो हळूहळू, वर्षावर्षाने होणार. तोटा मात्र धाकट्याचा, आणि तो आजच्या आज. परवाना बंद झाला की घाटावरचा भाव वाढतो, भाव वाढला की चोरीत पैसा वाढतो, मग ट्रॅक्टरच्या जागी हायवा येतात, आणि त्यांच्यामागे असा पैसा उभा असतो की गावातला कुणी तोंड उघडत नाही. संहितेच्या ४८व्या कलमात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण पकडला जातो तो ट्रॅक्टरवाला, आणि दंडाची रक्कम जाते सरकारी खजिन्यात. थोरल्याच्या विहिरीत त्यातले थेंबभरही पडत नाही.

म्हणून मला वाटते की राखण करणाऱ्याला राखणीचा वाटा मिळाल्याशिवाय राखण टिकत नाही. याचे उदाहरण दूर शोधायला नको. आमच्याच जालना तालुक्यात कडवंची नावाचे गाव आहे. तिथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली काम झाले. विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध घातले, श्रमदान केले, शेततळी केली, द्राक्षबागा लावल्या. २०१२च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर असताना कडवंचीच्या बागा उभ्या होत्या. तिथली माणसे काही वेगळ्या मातीची नाहीत. आपण अडवलेले पाणी आपल्याच शिवारात मुरते, ते आपल्याच विहिरीत दिसते, हे त्यांना पहिल्या काही पावसाळ्यांत कळले. मेहनत आणि फळ यांच्यामध्ये कुणी ठेकेदार नव्हता.

नदीच्या बाबतीत हे कठीण आहे, कारण ती एका गावाची नसते. तरी वाट आहे. केरळने २००१ मध्ये नदीकाठ आणि वाळूसाठी वेगळा कायदा केला. त्यात दर घाटाला स्थानिक समिती आहे, नदीत वाळू किती आली आणि किती गेली याचे लेखापरीक्षण आहे, आणि वाळूच्या उत्पन्नाचा मोठा वाटा नदीच्याच निधीत टाकण्याची तरतूद आहे. चोरी तिथेही झाली. पण त्या कायद्याने वाळूच्या वहीत खर्चाची बाजू पहिल्यांदा उघडली, हे त्याचे श्रेय.

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाची लोकसंख्या, साक्षरता, पाणीपुरवठ्याची योजना असे आकडे रंगवलेले असतात. पूर्णाकाठच्या गावांनी त्यांत तीन ओळी वाढवाव्यात. यंदाच्या पुराने वाळू किती आली. वर्षात किती गेली. आणि मे महिन्यात काठावरच्या विहिरीत पाणी किती हातांवर होते. पहिला आकडा पात्रात गज रोवून मिळतो, दुसरा पावत्यांवरून, तिसरा दोरीला दगड बांधून. शाळेतली पोरेसुद्धा हे काम करतील. दुसरा आकडा पहिल्याहून मोठा झाला की तिसरा वाढत जाईल, आणि ते भिंतीवर सगळ्या गावाला वाचता येईल. ज्या वर्षी गावाने वाळू राखली, त्या वर्षी वाचलेल्या टँकरचा पैसा गावाच्या खात्यावर यावा आणि त्यातून ट्रॅक्टरवाल्या पोरांना नदीबाहेरचे काम मिळावे. सरकारला यात नवा खर्च नाही. टँकरवर तो होतोच आहे.

अब्बा वाळू मुठीत घेऊन चोळायचे. हाताला माती लागली तर म्हणायचे, ही भिंतीला चालणार नाही. आमच्या गवंड्यांना भिंतीसाठी लागणारी वाळू अशी एका मुठीत पारखता येत होती. नदीसाठी किती वाळू लागते, हे पारखायला गावाने आता शिकले पाहिजे. स्लॅबचे घर उभे राहिले आणि त्यातल्या माठात पाणी नसेल, तर त्या घरात राहायचे कसे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)